सासूबाईंची अमेरिकन कैद

माझ्या सासूबाईंना अमेरिकन सैन्याने कैद केलं, तेव्हा मी जरा घाईत होतो.

हे वाक्य मी कुठेही बोललो की लोक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. वृंदा हसत नाही. तेव्हा कुठे त्यांना कळतं की माणूस खरं सांगतोय.

मूळ दुखणं असं की मला एका जागी बसवत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी उभा असतो. व्हिडिओ कॉलवर फोन हातात धरून घरभर फिरतो, त्यामुळे समोरच्याला माझा कान, आमचं छत आणि अधूनमधून फ्रीज दिसतो. गाडी चालवतानाही सलग तासभर बसून राहायचं माझ्या जिवावर येतं. बाकीचे लोक अशा वेळी कॉफीला थांबतात. मी पाटीला थांबतो.

कॅनडातल्या वॉटर्लूला राहायला आल्यापासून हा नाद लागला. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात रस्त्याच्या कडेला, कुठे चर्चसमोर, कुठे नुसत्याच मक्याच्या शेताजवळ, निळ्या पाट्या उभ्या असतात. त्यांवर सोनेरी अक्षरांत त्या जागेचा इतिहास. इथे पहिली गिरणी होती. इथे अमेरिकेतून पळून आलेल्या गुलामांनी वस्ती केली. इथे अमेरिकेचं स्वातंत्र्य न मानवलेली, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ मंडळी येऊन राहिली. पुरेशा पाट्या वाचल्या की ध्यानात येतं, इथला इतिहास म्हणजे एक तर अमेरिकेतून आलेली माणसं, नाही तर अमेरिकेने जाळलेली घरं. (पुण्यात आमच्या घराच्या दारासमोर अशीच एक निळी पाटी होती. ती कोणाची, हे मला आजतागायत माहीत नाही. पण ते सोडा.)

तर त्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याच्या मुलाचा, संकेतचा, साखरपुडा ठरला. मेहुणा प्रशांत आमच्याच प्रांतात, वॉन शहरात राहतो. मुलगी एमिली, इरी सरोवराच्या काठच्या एका लहानशा गावातली. तिचे आईवडील, जोन आणि डग, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांची आणि आमची भेट तोवर फक्त व्हिडिओ कॉलवर झाली होती. (म्हणजे डगने माझा कान पाहिला होता.) कार्यक्रम त्यांच्याच गावातल्या हॉलमध्ये होता. साखरपुड्यासाठी माझ्या सासूबाई नागपूरहून खास आल्या होत्या. त्यांनी पंचांग बघून फर्मान काढलं होतं की अंगठी जेवणाच्या आधी बोटात गेली पाहिजे, कारण नंतरचा वेळ चांगला नाही. आणि अंगठी कोणाकडे? तर सासूबाईंकडेच, त्यांच्या बटव्यात. पोराच्या खिशाला भोक असतं, सुनेची पर्स सारखी बदलते आणि जावई कुठे राहील याचा नेम नाही, असा त्यांचा हिशेब होता. तिसऱ्या मुद्द्यावर वृंदा सोडून कोणी मान डोलावली नाही, पण कोणी विरोधही केला नाही.

संकेत आदल्या दिवशीच एमिलीकडे गेला होता; सकाळी आम्ही आणि प्रशांत नवरा-बायको एका कॉफीच्या दुकानापाशी भेटलो आणि पुढे दोन गाड्या एकामागून एक निघाल्या. आमच्या गाडीत पुढच्या सीटवर पाय ऐसपैस राहतात म्हणून सासूबाई माझ्या शेजारी, मांडीवर बटवा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. मागे वृंदा आणि आमची लेक सई. मी घरून निघतानाच शपथ घेतली होती की आज थांबायचं नाही.

पहिली पाटी आली तेव्हा मी फक्त गाडी हळू केली.

दुसऱ्या पाटीला मी थांबलो, पण इंजिन चालू ठेवलं. वृंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. सई कानातले हेडफोन न काढता म्हणाली, "डॅड, सीरियसली?" सासूबाईंनी शांतपणे सांगितलं की जावईबापू, तुम्ही असेच थांबून राहिले तर मी प्रशांतच्या गाडीत जाऊन बसते. मी माफी मागितली. मनापासून मागितली. आणि इरी सरोवराच्या काठाला लागल्यावर एका बागेसमोर मला अशी पाटी दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

माझी बाजू समजून घ्या. ती पाटी एमिलीच्याच गावाच्या वेशीवर होती! कॅनडा तेव्हा इंग्रजांचा होता; अठराशे बारा साली अमेरिकेचं इंग्रजांशी जे युद्ध सुरू झालं, त्यात अमेरिकन सैनिक बोटींतून सरोवर ओलांडून इथे उतरले, गावातली पिठाची गिरणी जाळली, घरं जाळली आणि आले तसे परत गेले. होणाऱ्या सुनेच्या गावाची एवढी मोठी गोष्ट, आणि आपण ती न वाचता जाऊन तिथे पेढे खायचे? मला ते पटेना. शिवाय व्याह्यांशी बोलायला विषय झाला असता.

मी उतरलो. प्रशांतही मागे थांबला. वृंदा मागच्या सीटवर सईच्या साडीच्या निऱ्या नव्याने बसवू लागली, कारण इतका वेळ गाडीत बसून त्यांचा चुरगळा झाला होता. तोंडात पिना, त्यामुळे तिला मला बोलता येत नव्हतं. हीसुद्धा एक संधीच होती. मी पाटीच्या अर्ध्यात पोहोचलो असताना सासूबाई माझ्या मागे येऊन काहीतरी म्हणाल्या. मी "हो हो" म्हणालो. त्यांनी काय म्हटलं हे मला पुढे दुपारी कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "मी जरा वॉशरूमला जाऊन येते, थांबा बरं."

मी वळलो तर प्रशांतची गाडी निघून गेलेली. त्याला माझा कंटाळा आला होता आणि सजावटीचं सामान त्याच्याकडे होतं. मी घाईघाईने गाडीत बसलो. वृंदाने तोंडातल्या पिना काढल्या आणि विचारलं, "आई कुठे?"

मला शंका आली असती तर मी म्हणालो असतो की बघतो. पण मला शंका आलीच नाही. सासूबाईंनी सांगितलं होतं प्रशांतच्या गाडीत बसेन म्हणून. त्या बसल्या. मी ठामपणे म्हणालो, "प्रशांतकडे."

हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. प्रशांत आणि त्याची बायको दारातच झेंडूच्या माळा लावत होते. प्रशांतने आमच्या गाडीत डोकावून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि विचारलं की आई मागे झोपली आहे का?

त्यानंतर आम्ही चौघं मोठी माणसं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग हळूहळू सगळे जण एकट्या माझ्याकडे बघू लागले.

सासूबाईंना फोन करावा, तर त्यांचा फोन आमच्याच गाडीत चार्जिंगला लावलेला. त्यांना कोणाचा नंबर पाठ नाही. त्यांना त्या हॉलचं नाव माहीत नाही. त्यांच्याजवळ एक लाडवांचा डबा आणि आमच्या खानदानाच्या नव्या सुनेची अंगठी होती, आणि त्या जिथे होत्या त्या जागेबद्दल आम्हाला इतकंच माहीत होतं की ती दोनशे वर्षांपूर्वी जाळली होती.

तेवढ्यात जोन, मुलीची आई, हसत बाहेर आली. प्रशांतच्या बायकोने तिला सांगितलं की आजींना तयारीला जरा वेळ लागतोय, त्या मागून येताहेत. यावर जोनचा चेहरा एकदम सुटल्यासारखा झाला. ती म्हणाली की काहीच घाई नाही, कारण डगही अजून यायचाय, त्याला एक छोटं काम निघालं. आम्हाला तिचा केवढा आधार वाटला! आपल्याच वेळी मुलीचा बाप गायब असावा, यासारखं सुख नाही.

मी आणि वृंदा परत निघालो. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "आईच्या गुडघ्यांची गोळी माझ्या पर्समध्ये आहे." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला समजवायला गेलो की कॅनडा सुरक्षित देश आहे, लोक मदत करतात, आणि नेमकी त्याच वेळी तोफ वाजली.

खरोखरची तोफ. बागेच्या दिशेने. पाठोपाठ बंदुकांचा कडकडाट, आणि झाडांमागून पांढरा धूर वर चढला.

बागेकडे जाणारा रस्ता बंद होता. नारिंगी जाकीट घातलेल्या एका बाईने आमची गाडी अडवली आणि आनंदाने सांगितलं की लढाई सुरू झालीय, गाडी इथेच लावा. गावातली आणि आजूबाजूची हौशी मंडळी दर उन्हाळ्यात त्या जळिताचं नाटक करतात म्हणे. पाटीच्या अगदी खाली त्याचा कागद चिकटवलेला होता. मी तिथवर पोहोचलो नव्हतो.

वृंदाने त्या बाईला विचारलं की साडी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई दिसल्या का? ती म्हणाली, "ओह येस, त्यांना अमेरिकनांनी नेलं," आणि मैदानापलीकडच्या पांढऱ्या तंबूंकडे बोट दाखवलं.

वृंदा खाली बसली. त्या बाईने तिला पाणी दिलं. आणि मी, मला तिथे उभं राहवेना, मी पळालो.

मैदानाभोवती दोर बांधलेला होता आणि दोराला लागून प्रेक्षक. तंबू समोरच्या टोकाला. वळसा घालायचा तर लांब. मी दोराखालून वाकून आत शिरलो आणि सरळ मैदानातून धावत सुटलो. आता माझ्या अंगावर काय होतं हे सांगायला हवं. वृंदाने साखरपुड्यासाठी मुद्दाम घ्यायला लावलेला लालभडक रेशमी कुर्ता, त्याला सोनेरी बटणं. आणि त्या युद्धात लाल कोट, सोनेरी बटणं, हा ब्रिटिश सैनिकांचा पोशाख! त्या दिवशी ब्रिटिश बाजूला माणसं कमी पडली होती. जे होते ते नियमाप्रमाणे झुडपांमागे माघार घेत होते. अशा वेळी लाल कपड्यातला एक टकला, पोट सुटलेला इसम एकटाच अमेरिकन फौजेवर चाल करून जातोय हे पाहून अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

निळ्या कोटातल्या सैनिकांनी मला घेरलं. त्यांचा कप्तान पुढे आला. उंच टोपी, गालांवर जाड चिकटवलेले कल्ले, हातात तलवार. त्याने इंग्रजीत, पण अगदी आदराने विचारलं, "सर, आपण ब्रिटिशांकडून आहात का?"

मला धाप लागली होती. मी म्हणालो, "मी सासूबाईंकडून आहे."

कप्तानाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अच्छा. पाट्या वाचणारे ते तुम्ही!" मग मला काही कळायच्या आत त्याने खूण केली, आणि दोन सैनिकांनी मला दंडाला धरून तंबूकडे चालवलं. प्रेक्षकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

चालताना मी त्या कप्तानाला बरंच बोललो. एका वृद्ध बाईला असं नेणं ही कसली करमणूक? आमच्याकडे आज शुभकार्य आहे, मुलीकडचे लोक खोळंबलेत, मुलीचे वडील अत्यंत शिस्तीचे गृहस्थ आहेत (हे मी ठोकून दिलं), त्यांनी उद्या हे लग्न मोडलं तर जबाबदार कोण? शेवटी मी असंही म्हणालो की तुम्हा अमेरिकनांना दुसऱ्याच्या घरात शिरायची सवयच आहे. कप्तान गालातल्या गालात काहीतरी चावत गप्प चालत होता. मला वाटलं, शरमला.

तंबूत सासूबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. पायांवर राखाडी घोंगडी, हातात पत्र्याचा मग. भोवती टोपडी घातलेल्या गावातल्या कैदी बायका, आणि सगळ्यांच्या हातात एकेक बेसनाचा लाडू. पहारेकऱ्याच्याही.

"या," त्या म्हणाल्या. "कुठे फिरून राहिले होते?"

मग सगळा उलगडा झाला. त्या वॉशरूमहून आल्या तर गाडी नाही. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून त्या बाकावर बसल्या. निळ्या कोटातल्या लोकांनी येऊन काहीतरी अदबीने विचारलं. कॅनडात कोणी अदबीने काही विचारलं तर 'येस' म्हणायचं, हे त्यांनी आल्यापासून ठरवूनच टाकलं होतं. ते लोक विचारत होते की आपल्याला कैदी व्हायला आवडेल का?

"माणसं चांगली आहेत जी," सासूबाई म्हणाल्या. "बसायला खुर्ची दिली, चहा दिला. आणि यांना ओळखलं का तुम्ही?" त्यांनी कप्तानाकडे हात केला. "हे आपले व्याही."

कप्तानाने टोपी काढली. मग एका बाजूचा कल्ला ओढून काढला. कॉलवर पाहिलेला डगचा चेहरा मला निम्मा दिसला. तेवढा पुरे होता.

डगला दरवर्षी कप्तानाचं काम असायचं. जोनने बजावलं होतं की यंदा मुलीचा साखरपुडा आहे, यंदा लढाईबिढाई काही नाही. त्याने कबूल केलं होतं. पण सकाळी त्याला घरात बसवेना. फक्त तोफ लावून येतो असं स्वतःला सांगून तो निघाला तो निघालाच. कैद्यांना चहा देताना त्याने आपलं दुःख या आजींना सांगितलं, मुलीचा फोटो दाखवला. (फोटो कागदाचा, खिशातला. अठराशे बारामध्ये मोबाइल चालत नाही म्हणून त्यांचे सगळ्यांचे फोन गाड्यांत बंद, त्यामुळे कोणाला कळवताही येईना.) सासूबाईंनी फोटो पाहिला आणि बटव्यातून अंगठी काढून त्याच्यासमोर धरली.

वृंदा तोवर वळसा घालून तंबूत पोहोचली होती. तिने आईचा हात धरला आणि तो धरूनच ठेवला. मग रडवेल्या आवाजात विचारलं की आई, तुला भीती नाही वाटली?

"सुरुवातीला वाटली ना," सासूबाई म्हणाल्या. "कोणाचं नाव घेऊ, कोणाला विचारू, काही सुचेना. मग हे भेटले. मुलीचा बाप इथे, अंगठी इथे. म्हटलं, आता बाकीच्यांनीच इकडे यायला पाहिजे."

मी डगची माफी मागितली. अमेरिकनांबद्दल जे बोललो त्याबद्दल वेगळी मागितली. तो म्हणाला की त्याचे पूर्वज त्या वेळी जळालेल्या घरांतलेच, तेव्हा मी म्हणालो त्यात त्याला आक्षेपार्ह काही वाटलं नाही. फक्त 'अत्यंत शिस्तीचे गृहस्थ' हे मी जोनसमोर पुन्हा म्हणावं, अशी त्याची विनंती होती.

कपडे बदलायला वेळ नव्हता. आमच्या गाडीत पुढे सासूबाई, मागे वृंदा आणि तिच्या शेजारी, गुडघ्यांवर तलवार आडवी धरून, अमेरिकन कप्तान. वाटेत दोन पाट्या लागल्या. मी सरळ समोर बघत गाडी चालवली.

हॉलच्या दारात जोन उभी होती. नवरा तलवारीसकट आमच्या गाडीतून उतरताना पाहून तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि ते परत येईना. ती काही बोलणार, एवढ्यात सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी हरवले होते. यांनी मला सांभाळलं." मग डगकडे वळून, "व्हेरी गुड मॅन." बस्स, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, आणि माझं नावही नव्हतं.

जोनने डगकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. आणि मग त्यांना मिठी मारून ती रडलीच. आम्ही आजींशिवाय पोहोचल्यापासून तिला वाटत होतं म्हणे की आजी येत नाहीत, म्हणजे त्यांना हे लग्न पसंत नाही आणि घरचे लोक ते आपल्यापासून लपवताहेत.

अंगठी जेवणाच्या आधी बोटात गेली. ओवाळताना सासूबाईंनी संकेत-एमिलीनंतर डगलाही ओवाळलं आणि त्याच्या तलवारीला कुंकू लावलं. एका बाजूचा कल्ला तसाच राहिलेला तो माणूस सगळ्या फोटोंत आहे. मी एकाही फोटोत नाही. कारण वृंदाने माझ्याकडे कॅमेरा देऊन सांगितलं होतं की कोपऱ्यातल्या त्या खांबाजवळून हलायचं नाही.

डगची आणि माझी आता चांगली मैत्री आहे. सासूबाई नागपूरला परतल्या. गेल्या उन्हाळ्यात डगने मला आग्रहाने लढाईत घेतलं. मी महिनाभर बोटींची नावं, तुकड्या, हुद्दे पाठ करत होतो. मला ब्रिटिश सैनिकाचं काम मिळालं. आयत्या वेळी कळलं की हा सैनिक पहिल्याच तोफेला मरतो आणि शेवटपर्यंत गवतात निपचित पडून असतो. ही कल्पना डगची नव्हती. वृंदाने त्याला फोन केला होता.

मी मेलो. उत्तम मेलो, असं सगळे म्हणतात. डोळे मिटून गवतात पडून राहिलो, नाकावर मुंगी चढली तरी हललो नाही. पण मग लाउडस्पीकरवरून निवेदक सांगू लागला की अमेरिकन पहाटे उतरले, आणि ते पहाटे उतरले नव्हते. मी फक्त कोपरावर टेकून, हात वर करून, तेवढं सांगायला गेलो.

अमेरिकन कप्तान शांतपणे चालत आला आणि त्याने मला पुन्हा गोळी घातली. त्या लढाईच्या इतिहासात दोनदा मेलेला सैनिक मी एकटाच.